देवव्रत आठल्यांचा श्रीखंड-तपास

संकठा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत डॉ. देवव्रत आठल्यांचा दातांचा दवाखाना आहे. काशीत दातांच्या डॉक्टरला काय कमी, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. निम्मं गाव सकाळपासून पान तोंडात धरून असतं, आणि बोलायची वेळ आली की मान वर करून ओठांचं पन्हाळं करून बोलतं. पेशंट भरपूर होते. पण देवव्रतला दात काढायला आवडायचं नाही, दात वाचवायला आवडायचं, आणि दात वाचवायचा तर आधी पान सोडवायला हवं. खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं, तोंडात आरसा, उठून जायची सोय नाही. अशा वेळी तो पाव-पाव तास व्याख्यान द्यायचा. एक दूधवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "डॉक्टर साहब, दाँत उखाड़ दीजिए, पान मत उखाड़िए." त्यानंतर तो चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, आणि हळूहळू बाकीचेही गेले.

एकेचाळिसाव्या वर्षी देवव्रतने घरात जाहीर केलं, की एकेक दात वाचवत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या गावाचंच आरोग्य बघायला हवं. त्यासाठी तो विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेणार होता.

"परत कॉलेज?" त्याच्या आई शरदिनीबाई म्हणाल्या. "ऋता सातवीत आहे. तू कितवीत बसणार?"

कस्तुरी, त्याची बायको, बँकेत अधिकारी आहे. नागपूरची, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "जाऊ दे, आई. घरी बसून मला पानाचे तोटे सांगण्यापेक्षा बरं."

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा सगळी मुलं उभी राहिली. "बसा, बसा," म्हणत तो पुढे गेला आणि पहिल्या बाकावर स्वतःही बसला. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग खऱ्या शिक्षिका, डॉ. गीता मॅडम, आत आल्या. त्या वयाने त्याच्याहून लहान. त्याचे चंदेरी कल्ले बघून त्यांनीच आधी नमस्कार केला आणि विचारलं, "सर, आपण तपासणीला आलात का?"

साथरोगशास्त्र त्याला मनापासून आवडलं. कोण आजारी पडलं, कुठे, केव्हा, आणि जे पडले नाहीत ते का पडले नाहीत, हे विचारत कारणापर्यंत पोचायचं. दातापेक्षा ही मजा मोठी होती. अडलं ते जैवसांख्यिकीत. सरासरीपर्यंत तो हसतमुख होता. प्रमाण विचलनाला गंभीर झाला. पी व्हॅल्यू आली तेव्हा त्याला पित्त झालं.

एका संध्याकाळी तो आईला शून्य परिकल्पना समजावत होता. दुसऱ्याला समजावलं की आपल्याला समजतं, असं वर्गातल्या एका मुलीने सांगितलं होतं.

"हे बघ, आई. आधी असं मानायचं की काही फरक नाही. औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. मग माहिती गोळा करायची. माहिती भक्कम निघाली तर म्हणायचं, की 'फरक नाही' हे म्हणणं आम्ही फेटाळतो."

"म्हणजे फरक आहे."

"तसं थेट म्हणायचं नसतं."

"तुझे बाबा असंच बोलायचे," शरदिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या आत्याला स्थळं सांगून यायची तेव्हा. तिचं लग्न चार वर्षं लांबलं."

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एखाद्या साथीचा प्रत्यक्ष तपास करून अहवाल द्यायचा होता. बाकीच्यांना साथी मिळाल्या. कुणाला कांजिण्या, कुणाला कावीळ. देवव्रत मात्र जिथे जाईल तिथे लोक ठणठणीत. एका खेड्यात हगवण असल्याचं ऐकून तो दोन बस बदलून गेला, तर तिथे कबड्डीचे सामने चालले होते. साथ यावी अशी इच्छा धरणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण सप्टेंबर आला तसा तो सकाळी पेपर उघडून आधी जुलाबाच्या बातम्या शोधायला लागला.

आणि मग आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसाद झाला.

बेत नेहमीचा. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, मठ्ठा आणि श्रीखंड. स्वयंपाक शिवराम आचाऱ्याचा. त्याच्या वडिलांपासून मंडळाचा स्वयंपाक त्यांच्याकडेच आहे. दुपारी पंगती उठल्या, विडे वाटले गेले, लोक घरी जाऊन लवंडले. चहाच्या वेळेपासून ओकाऱ्या सुरू झाल्या. ब्रह्मा घाटापासून आमच्या गल्लीपर्यंत मराठी घरांतून एकच आवाज. औषधाच्या दुकानातलं ओआरएस संपलं. सुदैवाने कुणाला दवाखान्यात भरती करावं लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे फिकट चेहऱ्याने का होईना, उठून बसले.

आठल्यांच्या घरी मात्र कुणालाच काही झालं नव्हतं. देवव्रतची त्या दिवशी नेमकी जैवसांख्यिकीची चाचणी होती, कस्तुरी बँकेत, ऋता शाळेत, आणि शरदिनीबाईंचा सोमवारचा उपास.

मंडळाचे अध्यक्ष विश्वजीतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. अजूनही फलाटावर उभे असल्यासारखे बोलतात. त्यांनी अंथरुणातूनच निकाल दिला, "अळू! पाणी बाहेरचं वापरलं असणार. त्या शिवरामला आता बंद करा." रविवारी सभा बोलावली गेली. शिवराम बिचारा प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगत होता, की अळू त्याने स्वतः धुतलं, स्वतः चिरलं, स्वतः खाल्लं. कुणी ऐकेना.

देवव्रतने गीता मॅडमना फोन केला. आवाजात दुःख आणायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. "मॅडम, साथ मिळाली! घरचीच!"

मॅडमनी रीत सांगितली. जेवलेल्या प्रत्येकाला विचारायचं, की कुठला पदार्थ खाल्ला, कुठला नाही, त्रास झाला का, कधी झाला. मग एकेका पदार्थाचं बघायचं, की खाणाऱ्यांत किती टक्के आजारी पडले आणि न खाणाऱ्यांत किती टक्के. ज्या पदार्थात ही तफावत सगळ्यात मोठी, त्याच्यावर संशय.

देवव्रत छापील प्रश्नावली घेऊन दारोदार फिरला. माझ्याकडेही आला. पंचवीस वर्षं मी त्याला ओळखतो, पण त्याने मला माझं नाव, वय आणि लिंग विचारलं. सगळीकडे त्याला चहा मिळाला आणि उत्तरंही मिळाली. विश्वजीतरावांकडे तो गेला तेव्हा सुनीतीबाई, त्यांच्या पत्नी, शेजारीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. रावांना मधुमेह आहे, आणि त्यांच्या गोडाचा सगळा कारभार सुनीतीबाईंकडे आहे.

"श्रीखंड?" देवव्रतने विचारलं.

"छे!" राव गरजले. "चमचाभरसुद्धा नाही."

"मी पंगतीत समोरच होते," सुनीतीबाई समाधानाने म्हणाल्या.

अशी घरं पुष्कळ निघाली. ज्यांना साखर बंद होती त्यांनी नाही म्हटलं. ज्यांनी वजन उतरवायचं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं त्यांनी नाही म्हटलं. एका गुरुजींचा दही न खाण्याचा नेम होता, त्यांनी तर कानावर हात ठेवले. अळूबद्दल मात्र कुणालाच संकोच नव्हता. सगळ्यांनी खाल्लं होतं आणि सगळे त्याच्यावर रागावले होते.

कस्तुरीने बँकेतून आल्यावर ती सगळी उत्तरं कॉम्प्युटरवर मांडून दिली. टक्केवारी निघाली, आणि देवव्रत खुर्चीतून उठलाच. श्रीखंड खाणाऱ्यांपेक्षा न खाणारेच जास्त आजारी पडले होते! पी व्हॅल्यूसुद्धा, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच, हवी तितकी लहान आली होती, म्हणजे हा निव्वळ योगायोग म्हणायची सोय नव्हती.

"म्हणजे श्रीखंडाने त्रास होत नाही एवढंच नाही," तो म्हणाला, "श्रीखंड त्रासापासून वाचवतं!"

"असं असतं का?" कस्तुरीने विचारलं.

"आकडे सांगतायत."

शरदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या वर्षी श्रीखंड त्यांनी केलं होतं. नवस होता, म्हणून घरीच चक्का बांधून, फेटून मोठ्या पातेल्यातून मंडळात पाठवलं होतं. गेले दोन दिवस त्या गप्पगप्प होत्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "इंदूरच्या पाहुण्यांसाठी डबाभर काढून फ्रीजमध्ये ठेवलंय. तू तर चाखलंही नाहीस." त्यांनी वाटी भरून दिली. देवव्रतने विज्ञानावर विश्वास ठेवून ती खाल्ली. मग डबाही चाटून पुसून संपवला.

तीन तासांनी तो न्हाणीघरात होता.

दुसऱ्या दिवशी तो केळं आणि ताक यांच्या बळावर विभागात पोचला. गीता मॅडमनी तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सर, श्रीखंड काय लस आहे? जेवल्यावर दोन-चार तासांत उलट्या म्हणजे आधी काय सुचायला हवं? विष तयार झालेलं अन्न. दूध, दही, हाताने कालवलेलं काही. ते श्रीखंड थोडं जरी उरलं असेल ना, तर आजच प्रयोगशाळेत पाठवू. सगळा प्रश्नच मिटेल."

देवव्रत खिडकीबाहेर बघायला लागला.

"उरलंय का?"

"काल होतं."

"आज?"

"मॅडम, ते मी..." त्याने पोटावर हात ठेवला.

गीता मॅडमनी तक्ता टेबलावर ठेवला. "तुम्ही पुरावा खाल्लात?"

"आणि मग आजारी पडलो, मॅडम. हाही पुरावाच."

"एका माणसाचा पुरावा नसतो, सर, किस्सा असतो," त्या म्हणाल्या. त्यांनाही आता हसू आवरेना. "जा. लोक खोटं बोललेत. परत विचारा."

परत विचारायचं म्हणजे कसं? खोटं बोललात का, असं काशीतल्या वडीलधाऱ्या मराठी माणसाला विचारता येत नाही. देवव्रत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. शेजारी दोन बाया आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणाची उजळणी करत होत्या. कचौरीत मीठ, रबडीत पाणी, भात कच्चा. एकीने तर आपण जेवलोच नव्हतो असं आधी सांगितलं, आणि मग बुंदीच्या चार खोड्या काढल्या. देवव्रत उठला. खाल्लं का, असं विचारायचंच नाही, असं त्याने ठरवलं. कसं झालं होतं, एवढंच विचारायचं.

तो थेट विश्वजीतरावांकडे गेला. सुनीतीबाई तिथेच होत्या, पण आता त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"राव, पुढच्या वर्षीसाठी मत हवंय. श्रीखंड कसं झालं होतं?"

विश्वजीतरावांनी विचार केला. मत मागितलं तर न देणं त्यांच्या स्वभावात नाही. "वाईट नव्हतं. वेलची अंमळ जास्त झाली. साखर कमी. आणि चारोळी म्हणशील, तर दुसऱ्या वाटीत एकसुद्धा नव्हती."

"दुसऱ्या वाटीत?" सुनीतीबाई म्हणाल्या.

पुढचं संभाषण देवव्रतने नोंदवलं नाही. तो चपला घालून पळाला.

त्या दोन दिवसांत त्याला श्रीखंडावर इतकी मतं मिळाली की एखाद्याने प्रबंध लिहावा. गुरुजींना त्यात जायफळ हवं होतं. वजन उतरवणाऱ्या बाईंना ते पुरीपेक्षा नुसतंच बरं लागलं होतं. कस्तुरीने तक्ता नव्याने मांडला आणि चित्र उलटं झालं. श्रीखंड खाणाऱ्यांत बहुतेक सगळे आजारी, न खाणाऱ्यांत जवळजवळ कुणीच नाही. अळूचा काही संबंध नव्हता. ज्यांनी अळू खाऊन श्रीखंड टाळलं होतं ते मजेत होते, आणि त्यात शिवराम स्वतःही होता.

कस्तुरी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आता आईंना कोण सांगणार?"

देवव्रत स्वयंपाकघरात गेला. शरदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्याने विचारलं, चक्का कसा बांधला, किती वेळ बाहेर होता, कशाने फेटला.

"हाताने. यंत्राने फेटलेलं मला चालत नाही."

"हात दाखव बरं."

त्यांनी डावा पुढे केला.

"दुसरा."

उजव्या अंगठ्याला चिंधी होती. त्याने ती सोडली. नखाच्या कडेला नखुरडं झालं होतं. आता बसत आलेलं, पण पिकून गेलेलं स्पष्ट दिसत होतं. देवव्रतने डोळे मिटले. असल्या पिकलेल्या बोटातले जंतू दह्यादुधात जाऊन काय करतात, यावर त्याने गेल्याच महिन्यात वर्गात भाषण केलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या.

"आई, अगं, मला दाखवायचं नाहीस का?"

"दाखवलं होतं," शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "गणपती बसायच्या आधी. तू पुस्तकातून मान वर न करता म्हणालास, चाचणी झाली की बघू."

तो आईसमोर जमिनीवर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. अंगठा, चक्का, रात्रभरचा उकाडा. शेवटी शरदिनीबाई सुपातले तांदूळ एका बाजूला सारून म्हणाल्या, "एवढी माणसं माझ्यामुळे ओकली?"

"मुद्दाम केलंस का तू? आणि अर्धं माझ्यामुळे."

"अर्धं कसलं," त्या म्हणाल्या. "हिशेब नको करूस. तो तुला जमत नाही."

रविवारी सभा भरली. शिवराम दाराशी उभा होता. विश्वजीतराव अध्यक्षस्थानी होते, पण आवाज जरा बसलेला, कारण घरात त्यांचं गोड आता कुलपात गेलं होतं. देवव्रत बोलायला उठला. आईचं नाव घ्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. शास्त्रातही घेत नाहीत.

"प्राथमिक विश्लेषणावरून," तो म्हणाला, "अळू या पदार्थाचा आजाराशी संबंध नाही, हे म्हणणं आपण फेटाळू शकत नाही."

"म्हणजे अळूच ना?" कुणीतरी ओरडलं.

"नाही, नाही. म्हणजे दुग्धजन्य पदार्थ, जो अन्न हाताळणाऱ्या एका व्यक्तीमार्फत, संभवतः त्वचेच्या संसर्गामुळे..."

"कोण व्यक्ती?"

"व्यक्ती अ."

"अळूतला अ?" विश्वजीतरावांनी विचारलं.

शरदिनीबाई बायकांच्या रांगेतून उठल्या. "अरे देवा, सरळ सांग ना. तुझी आई." त्यांनी अंगठा वर केला. "माझं बोट पिकलं होतं. त्याच हाताने मी चक्का फेटला. सगळ्यांना त्रास झाला तो माझ्यामुळे. शिवरामचा यात काडीचा दोष नाही." मग त्या दाराकडे वळल्या. "शिवराम, इतके दिवस तुझ्या दाराशी आलो नाही आम्ही कुणी. मला माफ कर, बाबा."

शिवरामला काय करावं कळेना. त्याने खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, मग नाक. सुनीतीबाईंना वाटलं काहीतरी बोलायला हवं. "पण शरदिनीवहिनी, चव छान होती हो."

"साखर कमी होती," विश्वजीतराव म्हणाले, आणि बायकोकडे बघून लगेच थांबले. मग खाकरून उभे राहिले. "शिवराम, मी बोललो ते मागे घेतो. रेल्वेत मी कधी काही मागे घेतलं नाही. गाडीसुद्धा."

शिवरामने एकच अट घातली. पुढच्या वर्षीपासून स्वयंपाकघराच्या दारात तो स्वतः सगळ्यांचे हात बघणार. अध्यक्षांचेही. ठराव एकमताने झाला.

अहवाल देवव्रतने प्रामाणिकपणे लिहिला. तोंडी परीक्षेला लखनौहून परीक्षक आले होते. करड्या मिशांचे, न हसणारे. त्यांनी पाने उलटली आणि विचारलं, "या अभ्यासाच्या मर्यादा काय?"

देवव्रत म्हणाला, "सर, मुख्य मर्यादा अशी, की नमुना अन्वेषकाने खाल्ला."

परीक्षकांना आधी वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. गीता मॅडमनी खाली बघत सांगितलं की बरोबर ऐकलंय. त्या दिवशी बाकी मुलांच्या परीक्षा अर्धा तास उशिरा सुरू झाल्या, कारण परीक्षकांना पाणी आणून द्यावं लागलं. जैवसांख्यिकीत देवव्रत काठावर पास झाला. साथरोगशास्त्रात वर्गात दुसरा आला.

आता तो शेजारच्या जिल्ह्यात साथींवर लक्ष ठेवायच्या एका प्रकल्पात कंत्राटावर काम करतो. सकाळी मोटरसायकलवरून जातो, संध्याकाळी धुळीने माखून येतो, आणि गेल्या वीस वर्षांत दिसला नाही इतका खुशीत असतो. दवाखाना रविवारी उघडतो. कस्तुरीने घरात एक नियम केला आहे, की ताटावर बसल्यावर जुलाब, हगवण, कावीळ यांपैकी काहीही काढायचं नाही. परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. देवव्रतने नियम अगदी कसोशीने पाळला. ऋताच्या शाळेबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. मग आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाला, "कस्तुरी, आमटी झकास झालीय. किती वाजता केली होतीस?"

कस्तुरीने डाव खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. मी मात्र वाटी उचलून माझी आमटी मुकाट्याने संपवली.